श्रीपेरुंबुदूरच्या खडकातील पाने

चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर परिसरातील खडक क्रिटेशस काळाच्या पूर्वार्धातले, म्हणजे दहा कोटी वर्षांहून जुने. त्यांतील वनस्पतींचे वर्णन ओटोकार फाइस्टमांटेल यांनी 1879 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतली टिलोफायलम ही पिसासारखी पाने आजच्या सायकसची आठवण करून देतात. मग टिलोफायलमला सायकसची पूर्वज का म्हणू नये? कारण नुसते साम्य म्हणजे नाते नव्हे. सारख्या परिस्थितीत नैसर्गिक निवड वेगवेगळ्या वंशांनाही सारखे रूप देते. टिलोफायलमच्या गटाच्या ज्या जीवाश्मांत पानाची त्वचा टिकली, तिथे पर्णरंध्रांच्या रक्षक पेशी आणि शेजारच्या सहायक पेशी एकाच मातृपेशीपासून झालेल्या दिसतात. सायकसमध्ये तसे नसते. प्रजननाचे अवयवही निराळे. म्हणून टिलोफायलमला बेनेटाइटेल्स या लुप्त गणात ठेवतात.

यावर आक्षेप येतो, की साम्य फसवे असेल तर उत्क्रांतीचा पुरावाच डळमळतो. मला हे पटत नाही. नाते एका लक्षणावर ठरतच नाही. एकमेकांशी संबंध नसलेली अनेक लक्षणे एकच वंशवृक्ष सुचवतात, तेव्हाच ते मानले जाते. जीवाश्मांची नोंद तुटक आहे, हेही खरे. पण तुटक नोंदीतही क्रम दिसतो: श्रीपेरुंबुदूरच्या थरांत बेनेटाइटेल्स, नेचे आणि सूचिपर्णी यांचे राज्य आहे; सपुष्प वनस्पतींचे वर्चस्व पुढच्या थरांत येते.