मशीन जागेवर किती हलते? बंदीआधी मोजून ठेवा



लिंबायतच्या गॅरेजमध्ये टेम्पो नेला की मिस्त्री बोनेट उघडतो, ब्रेक दाबून धरायला सांगतो आणि क्लच हळूच सोडायला लावतो. आधी पहिला गिअर, मग रिव्हर्स. इंजिन एकदा इकडे झुकतं, एकदा तिकडे. जास्त झुकलं तर समजायचं, खालचे रबर गेले. आपल्या बोटीची मशीन रबरावर बसवलेली असेल तर तिलाही हीच परीक्षा लागू आहे. फक्त नजरेवर न जाता पट्टीने मोजायचं.

मशीन हलते का? पंखा ज्या बाजूला फिरतो, त्याच्या उलट मशीन पिळते. 20 हॉर्सपॉवरची मशीन 2000 फेऱ्यांवर, गिअर 3 ला 1 आणि डाव्या-उजव्या रबरांत अर्धा मीटर अंतर धरा. एका बाजूचे रबर साधारण 43 किलोने वर ओढले जातात, दुसऱ्या बाजूचे तेवढेच खाली दाबले जातात. शिवाय पंख्याचा रेटा शाफ्टमधून येऊन मशीनला पुढे ढकलतो, रिव्हर्सला मागे ओढतो. टेम्पोत हा रेटा नसतो.

मोजायचं कसं? भरतीला, बोट पूर्ण तरंगत असताना, पुढून-मागून पक्की बांधा. मशीनच्या पायाला पेन्सिल घट्ट बांधा आणि तिच्या टोकाला लागेल असा पुठ्ठा लाकडाच्या पाटावर ठोका. न्यूट्रलची खूण करा. मग एकाने फॉरवर्ड टाकून हळूहळू रेस वाढवायची, परत न्यूट्रल, मग रिव्हर्स. पेन्सिल स्वतःच रेघ ओढते. मशीन बंद करून रेघ मोजा. चारही पायांना असंच करा. मशीन चालू असताना शाफ्ट आणि पट्ट्याजवळ हात किंवा सैल कपडा नेऊ नका.

किती मिलिमीटर चालतं? प्रत्येक रबराचं वेगळं असतं. कंपनीच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच धरा. नसेल तर रबर नवे असताना मोजून तारखेसह लिहून ठेवा. पुढे रेघ वाढत गेली, किंवा एकच पाय जोडीच्या पायापेक्षा फार हलला, तर रबर तपासा. डिझेल-ऑइल पडून रबर नरम होतो, तेही बघा.

हे कशासाठी? ग्लँडमधून पाणी वाढलं की आपण नट आवळतो. दोन दिवसांत पुन्हा पाणी, पुन्हा आवळणं. शाफ्ट तापतो, झिजतो. दोष कधी कधी ग्लँडचा नसतोच, मशीन खाली बसून शाफ्टची लाइन गेलेली असते. कपलिंग सोडून फिलर गेज लावा. 4 इंची फ्लँजला चारही बाजूंच्या फटीत 0.1 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा.

1 जूनला बंदी लागते. बोट किनाऱ्यावर ओढल्यावर हे माप बरोबर येत नाही. म्हणून आत्ताच, पाण्यात असताना मोजा. रबर बदलायला बंदीचे दिवस आहेत. भर समुद्रात मशीन सुटली तर बदलायला कोणी येत नाही.

आपला,
सचिव