एकट्याचे शीड आणि कोकणातील मुक्काम

शिडाच्या छोट्या नौकेने एकट्याने मुंबईहून गोव्याकडे जाण्याचा मानस कोणी बोलून दाखविला, की ‘वाटेत मरिना आहेत कोठे? आणि रोजच्या मुक्कामाचा खर्च परवडणार कसा?’ हा प्रश्न इतक्या ठरीव रीतीने पुढे येतो, आणि तो विचारणाऱ्यांत समुद्रकाठी जन्म गेलेली मंडळीही इतकी असतात, की त्यामागील समजुतीचा एकदा सविस्तर परामर्श घेणे अगत्याचे झाले आहे. समजूत अशी, की नौकेला रात्र काढण्यासाठी धक्का, वीज, नळ आणि पहारेकरी यांनी युक्त असे भाड्याचे ठिकाण लागते. तशी ठिकाणे कोकणच्या बंदरांतून नाहीत. सबब हा प्रवास धनिकांनीच करावा किंवा कोणीच करू नये. यांतले मधले विधान तेवढे खरे आहे. बाकीची दोन्ही चुकीची आहेत, आणि ती पुनःपुन्हा ऐकून मनाला क्लेश होतात. कारण ज्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांचे आरमार वावरले, आणि ज्याच्या खाड्याखाड्यांतून पडाव, मचवे नि गलबते शेकडो वर्षे माल घेऊन ये-जा करीत राहिली, त्या किनाऱ्याविषयी ती उच्चारली जातात.

नौकेला रात्री खरोखर हवा असतो तो लाटांपासून आडोसा, नांगर धरील असा चिखलाचा किंवा वाळूचा तळ, पुऱ्या ओहोटीतही तळाखाली राहील इतके पाणी, आणि वारा फिरला तर नांगराभोवती घोळण्यास मोकळी जागा. यांतल्या कशासाठीही मरिना लागत नाही. मुंबईपासून गोव्यापर्यंतचे अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल आहे, आणि हिवाळ्यातील अकरा तासांच्या उजेडात, ताशी चार मैलांच्या बेताच्या चालीनेही, चाळीसएक मैल उरकतात. रेवदंडा, राजपुरीची खाडी, हर्णै, जयगड, रत्नागिरीची मिऱ्या खाडी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि मग अग्वाद, अशी ही साखळी नकाशावर मोजून पाहावी. यांतील कोणतीही दोन लगतची ठिकाणे एका दिवसाच्या टप्प्याबाहेर नाहीत. विजयदुर्गाविषयी कोणास शंका असेल त्याने १८८० सालचे रत्नागिरी जिल्ह्याचे गॅझेटियर उघडावे. मुखाशी वाळूचा बांध नसलेले आणि नैर्ऋत्य मोसमातही निर्धास्त आसरा देणारे बंदर, असाच त्याचा गौरव तेथे आढळेल. याउलट बाणकोट आणि दाभोळ यांच्या मुखांशी वाळू साचते, आणि मालवणास जाणारी वाट खडकांतून आहे. तेथे चढत्या भरतीवर, उन्हाच्या उजेडात आणि नकाशा समोर ठेवूनच शिरावे.

मग खर्च कोठे होतो? तो नांगरावर, साखळीवर आणि दोरावर एकदाच होतो, आणि तेथे हात आखडणारा मनुष्य पुढे प्रत्येक बंदरात त्याचे व्याज भरतो. पाणी जितके खोल तितका दोर सोडला म्हणजे झाले, हा समज तर अत्यंत घातक आहे. ओहोटीला ३ मीटर पाणी दिसले, भरतीने त्यात आणखी ३ मीटरांची भर पडणार असली, आणि नौकेची नाळ पाण्यापासून १ मीटर उंच असली, तर हिशेब ७ मीटरांचा धरावा लागतो. साखळी असल्यास त्याच्या पाचपट म्हणजे ३५ मीटर, आणि बहुतांशी दोरच असल्यास सातपट म्हणजे ४९ मीटर सोडले, तरच ओढ आडवी पडून नांगराचा फाळ तळात रुतून राहतो. आखूड दोर त्याला वर उचलतो, आणि निजलेला नाविक पहाटे खडकावर जागा होतो.

‘फुकट आहे तर धक्क्यालाच बांधा’ हा सल्लाही आपुलकीने दिला जातो. तो सहसा मानू नये. मुंबईकडे उधाणाचे पाणी चार मीटरांहूनही अधिक चढते-उतरते, गोव्याकडे ते दोन मीटरांच्या आसपास येते. संध्याकाळी भरतीत धक्क्याला आखूड बांधलेली नौका मध्यरात्री ओहोटीत आपल्याच दोरांना टांगली जाते, कडा खरवडते, आणि त्यातच पहाटे परतणाऱ्या मच्छीमारी नौकांची अडचण होते ती निराळी. ज्यांची त्या धक्क्यावर उपजीविका आहे त्यांची जागा अडवू नये. नांगर टाकून राहावे, छोट्या होडक्याने किनारा गाठावा, पाणी, डिझेल व शिधा रोख देऊन घ्यावा, आणि खाडीतली वाट तेथल्या तांडेलालाच विचारावी. भरतीची वेळ तो पंचांगावरून सांगेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, जसे अष्टमीला सहाच्या सुमारास. हा अंदाज शतकानुशतके उपयोगी पडला आहे, परंतु उथळ मुखातून शिरताना सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची छापील कोष्टकेच प्रमाण मानावीत.

इतर समजुतींचा समाचार थोडक्यात घेतो. किनाऱ्याला चिकटून जाणे सुरक्षित नव्हे. दुपारचा वायव्येकडील खारा वारा नौकेला किनाऱ्याकडेच रेटतो, म्हणून काही मैल बाहेरून जावे, आणि वेंगुर्ल्याचे खडक मात्र तेथेही नजरेआड करू नयेत. दक्षिणेस जाणे कठीण हेही खरे नाही; पहाटेचा मतलई आणि दुपारचा खारा, दोन्ही उतरत्या वाटेला अनुकूल आहेत, कठीण असते ते परतणे. पावसाळा संपला की भय संपले, असेही नाही: फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले, आणि तौक्ते मे २०२१ मध्ये याच किनाऱ्याजवळून गेले, डिसेंबर ते मार्च हाच भरवशाचा काळ. रात्रभर चालत राहिल्याने मुक्कामाचा खर्च वाचतो म्हणणाऱ्यांनी सागरी टक्करप्रतिबंधक नियमांतील पाचवा नियम वाचावा. तो प्रत्येक नौकेला सदैव नजर ठेवण्याचे बंधन घालतो, एकट्यालाही त्यातून सूट नाही. दहा मैलांवर दिसणारे, ताशी वीस मैल चालणारे जहाज अर्ध्या तासात येऊन ठेपते, आणि रायगडच्या किनाऱ्यापुढे डोल जाळ्यांचे खुंट अंधारात दिसत नाहीत. एकट्याने थांबणे हा कमीपणा असेल, तर २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, नौदलाचे दिलीप दोंदे, फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन येथे थांबले नसते. आणि मोबाइल म्हणजे व्हीएचएफ रेडिओ नव्हे. वाहिनी १६ वरील हाक आसपासच्या सर्व नौकांना एकाच वेळी ऐकू जाते.

अखेरची गोष्ट कागदपत्रांची. आपला किनारा, आपली नौका, मग कोणाला सांगायचे, असे म्हणणाऱ्यांनी नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरचा, समुद्रमार्गे आलेला हल्ला विसरू नये. तेव्हापासून खाडीत उभ्या राहिलेल्या प्रत्येक अनोळखी नौकेची खबर दिली जाते, आणि ती दिली जाणे योग्यच आहे. म्हणून नौकेचे नोंदणीपत्र, स्वतःचे ओळखपत्र आणि मुक्कामांची यादी यांच्या प्रती घेऊन निघावे, बंदर निरीक्षकाकडे आणि सागरी पोलिसांकडे जाताना-येताना नोंद करावी, जे नियत शुल्क असेल ते भरून पावती घ्यावी, आणि तटरक्षक दलाचा १५५४ व सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन्ही क्रमांक सुकाणूपाशी, भिजणार नाहीत असे, लिहून ठेवावेत.