उपरे जीव (भाग ६) : लायनफिशला आवर कसा घालायचा?

उपरा जीव नव्या पाण्यात कसा शिरतो, हे मागच्या भागात पाहिलं. पण एकदा तो तिथे रुजला, की त्याला आवरायचं कसं? फ्लोरिडा आणि कॅरिबियन समुद्रातला लायनफिश या प्रश्नाचं उत्तर शिकवतो.

हा विषारी काट्यांचा मासा मूळचा आपल्या हिंदी महासागरातला आणि प्रशांत महासागरातला. तांबडे-पांढरे पट्टे आणि पसरलेले पर यांमुळे तो हौसेने पाळला जातो. पाळणाऱ्यांनीच तो अटलांटिकमध्ये सोडला असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. फ्लोरिडाजवळ त्याची पहिली नोंद १९८५ची. मादी दर दोन-चार दिवसांनी अंडी घालते. वर्षाकाठी ती वीस लाखांच्या घरात जातात. तिथल्या छोट्या माशांना हा शिकारी ओळखूच येत नाही. बहामाजमधल्या एका प्रयोगात अवघ्या एका लायनफिशमुळे प्रवाळखडकावर नव्याने वस्तीला येणाऱ्या माशांची भर पाच आठवड्यांत सरासरी ७९ टक्क्यांनी घटली.

गळाला तो क्वचितच लागतो. म्हणून पाणबुडे हातभाल्याने एकेक मासा टिपतात आणि थेट प्लास्टिकच्या जाड नळकांड्यात ढकलतात. तोंडाशी नरसाळं असल्याने मासा आत जातो, पण हात काट्यांपासून दूर राहतो. काटे अठरा : पाठीवर तेरा, पोटाशी दोन, शेपटीकडच्या खालच्या परात तीन. काटा रुतलाच, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवतात, कारण हे विष प्रथिनांचं असून उष्णतेने निकामी होतं. मांसात विष नसतं. कात्रीने काटे छाटले, की मासा साफ करून खाता येतो. म्हणूनच फ्लोरिडात शिकारीच्या स्पर्धा भरतात आणि हॉटेलांतही तो मिळतो.

तरीही तो समूळ नष्ट होणार नाही. हौशी पाणबुडे साधारण ४० मीटरपर्यंत उतरतात. लायनफिश ३०० मीटरच्याही खाली सापडला आहे. शिवाय अंडी आणि पिल्लं प्रवाहाबरोबर दूरवर जातात. खोल पाण्यासाठी खास सापळ्यांचे प्रयोग सुरू आहेत.

मग ही मेहनत वाया जाते का? मुळीच नाही. बहामाजमध्ये ठरावीक खडकांवरचे लायनफिश ७५ ते ९५ टक्क्यांनी कमी केले, तेव्हा स्थानिक माशांचं एकूण वजन ५० ते ७० टक्क्यांनी वाढलं. हात न लावलेल्या खडकांवर ते घटतच गेलं. म्हणजे शेवटचा मासा मारण्याची गरज नाही. शेतातल्या खुरपणीसारखं हे काम आहे : महत्त्वाचे खडक निवडायचे आणि तिथे पुन्हा पुन्हा जायचं. त्यामुळे एखाद्या मोठ्या मोहिमेपेक्षा दरवर्षी नेमाने मिळणारा पैसा आणि स्थानिक पाणबुड्यांची साथ मोलाची. सरकारांनी तरतूद करायची ती यासाठी.

पुढच्या भागात : सुएझ कालव्यातून भूमध्य समुद्रात शिरलेला लायनफिश.