भागीदारी, पण भार कोणावर?

जपानमधील अपंग मुलांचे पालक आणि तज्ज्ञ यांच्या नात्याचा विचार करताना मला 'र्‍योइकु' हा शब्द कळीचा वाटतो. उपचार आणि संगोपन अशा अर्थांची दोन चिन्हे जोडून अस्थिरोगतज्ज्ञ ताकागी केंजी यांनी तो रूढ केला. मुलावर उपचार करणे आणि त्याला वाढवणे ही वेगळी कामे नाहीत, हे त्या शब्दातच आले. पण संगोपन म्हणजे आईचे काम, असे समाजाने आधीच ठरवून टाकले होते. त्यामुळे उपचाराचा भारही तिच्याकडेच सरकला.

शाळा तर फार काळ दूरच होती. गंभीर अपंगत्व असलेल्या मुलांचे शिक्षण लांबणीवर टाकले जाई किंवा 'माफ' केले जाई. 1952 मध्ये टोकियोतील तीन मातांच्या पुढाकाराने बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांची संघटना उभी राहिली. तरी या सर्व मुलांसाठी शिक्षण सक्तीचे व्हायला 1979 साल उजाडले.

त्याआधी, 1970 मध्ये, योकोहामात एका आईने आपल्या अपंग मुलीचा जीव घेतला. तिची शिक्षा सौम्य व्हावी म्हणून लोक पुढे आले. सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढांच्या 'आओई शिबा नो काई' या संघटनेने त्याला कडाडून विरोध केला. आईची कीव करताना मुलीचा जगण्याचा हक्क विसरला जातो, हे त्यांचे म्हणणे. पालक आणि तज्ज्ञ यांच्यात तिसरा पक्ष असतो, तो म्हणजे खुद्द मूल, याची आठवण त्यांनी करून दिली.

आज घर आणि शाळा यांच्यामध्ये 'रेनराकुचो' ही वही ये-जा करते. रात्रीची झोप, जेवण, औषध हे घरचे लिहितात. शाळेतला दिवस शिक्षक लिहितात. मला यात खरी समानता दिसते, कारण प्रत्येकाला मुलाचा अर्धाच दिवस ठाऊक असतो.

मात्र वहीने भार वाटला जात नाही. यंत्राने कफ काढावा लागणाऱ्या, नळीने अन्न द्यावे लागणाऱ्या मुलांच्या आयांना शाळेत थांबून राहावे लागे. 2021 च्या कायद्याने अशा मुलांच्या मदतीची जबाबदारी शासन आणि शाळांवर टाकली; पालकांची नोकरी सुटू नये, हा हेतूही त्यात नोंदवला.

जपानी पालकांच्या बोलण्यात 'ओया नाकी आतो', म्हणजे 'आईबापांच्या पश्चात', हे शब्द वारंवार येतात. माझ्या मते भागीदारीची कसोटी तिथेच आहे: आई नसेल त्या दिवशीही ती टिकली पाहिजे.