स्मार्ट स्पीकरचा बिघाड : निदान आधी, रिसेट नंतर

ॲमेझॉनचा ‘इको’ ऑक्टोबर २०१७ मध्ये आणि ‘गुगल होम’ एप्रिल २०१८ मध्ये भारतीय बाजारात आला. तेव्हापासून आवाजावर चालणारे हे छोटे यंत्र आपल्या अनेक व्यवसायबंधूंच्या घरी स्थिरावले आहे. पहाटेचा गजर, सायंकाळचे स्तोत्र, बातम्या आणि विशेषतः घरातील वृद्धांना प्राग्भक्त किंवा निशाकाली घ्यावयाच्या औषधाचे स्मरण ही कामे ते निमूटपणे करीत असते. म्हणूनच ते अचानक मुके झाले की गैरसोय होते. अशा वेळी ‘रिसेट करून टाका’ हाच सल्ला प्रथम ऐकू येतो. कोष्ठ व बल न पाहता विरेचन द्यावे तसाच हा प्रकार होय. फॅक्टरी रिसेट हे या यंत्राचे शोधनकर्म आहे. ते कधी, कसे आणि कोणत्या तयारीनिशी करावे, तसेच त्याविना कोणते बिघाड बरे होतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करीत आहोत.

यंत्राचे कार्य

स्पीकर सतत ऐकत असला तरी प्रथम तो फक्त आपल्या हाकेची, म्हणजे ‘ॲलेक्सा’ किंवा ‘हे गुगल’ या शब्दांची ओळख आपल्यापुरती पटवीत असतो. हाक ओळखली की पुढील वाक्य वाय-फायमार्गे राउटरकडे, तेथून इंटरनेटद्वारे कंपनीच्या संगणकांकडे जाते आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. अर्थात वीज, मायक्रोफोन, वाय-फाय, इंटरनेट, कंपनीची सेवा आणि आपले खाते अशा सहा ठिकाणी अवरोध संभवतो. रिसेटने यांपैकी एकही गोष्ट दुरुस्त होत नाही. यंत्राच्या स्मृतीत साठलेली मांडणी तेवढी पुसली जाते.

रूप : दिवा काय सांगतो

प्रथम दर्शन-परीक्षा करावी. इकोवर लाल दिवा स्थिर असेल तर मायक्रोफोन बंद आहे. धूळ पुसताना कोणाचा तरी हात त्या बटणावर पडलेला असतो. ते एकदा दाबले की काम झाले. नारिंगी दिवा फिरत असेल तर यंत्र मांडणीच्या अवस्थेत आहे किंवा इंटरनेटशी जोडणी शोधत आहे. पिवळा दिवा थांबून थांबून लुकलुकत असेल तर एखादी सूचना वाट पाहत आहे. तो बिघाड नव्हे. बोलणे झाल्यावर क्षणभर जांभळा दिवा चमकला तर ‘व्यत्यय नको’ ही अवस्था चालू आहे. गुगलच्या होम मिनी व नेस्ट मिनी या यंत्रांवर मायक्रोफोन बंद असल्यास नारिंगी ठिपके दिसतात. म्हणजे एकाच नारिंगी रंगाचा अर्थ दोन कंपन्यांत भिन्न आहे, हे ध्यानात ठेवावे.

हेतू : नेहमीची कारणे

पहिले कारण विजेचे. गुगल होम मिनीला साध्या मोबाइलसारखी मायक्रो-यूएसबी पिन लागते, म्हणून हाताशी असलेला जुना चार्जर जोडला जातो. परंतु यंत्राला ५ व्होल्ट व १.८ ॲम्पिअरचा पुरवठा अपेक्षित असतो. १ ॲम्पिअरच्या चार्जरवर आवाज वाढवताच ते बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकते. मूळ ॲडॉप्टर लावणे हीच येथे चिकित्सा.

दुसरे कारण वीज जाऊन परत येण्याचे. राउटर पूर्ण सुरू होण्यास काही मिनिटे घेतो, तोवर स्पीकर जागा होऊन जोडणी शोधत राहतो. अशा वेळी दोन्ही बंद करावेत, आधी राउटर सुरू करावा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्यावेत आणि मग स्पीकर जोडावा. प्लग काढून पुन्हा लावणे म्हणजे रिसेट नव्हे. त्याने काहीही पुसले जात नाही. हा उपाय निःशंकपणे करावा.

तिसरे कारण बदललेल्या पासवर्डाचे. नवा राउटर आला किंवा वाय-फायचा पासवर्ड बदलला की स्पीकर जुनाच शोधत बसतो. ॲपमधील त्या यंत्राच्या मांडणीत जाऊन नवे वाय-फाय निवडावे. नव्या राउटरला जुनेच नाव व जुनाच पासवर्ड दिला तर बहुधा तेवढेही करावे लागत नाही.

चौथे कारण स्थानाचे. राउटर बहुधा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर लहरी सोडतो. पाच गिगाहर्ट्झची लहर वेगवान असली तरी भिंतींतून कमी पार होते. जाड भिंतींच्या जुन्या घरात, दोन खोल्या पलीकडच्या स्पीकरला २.४ गिगाहर्ट्झची पट्टी अधिक मानवते. स्पीकर भिंतीला किंवा कोपऱ्याला चिकटवून ठेवू नये. चालू पंखा, मिक्सर व दूरदर्शन संच यांच्या शेजारीही ठेवू नये. अशा जागी हाक नीट ऐकू जात नाही.

पाचवे कारण भाषेचे. यंत्र ऐकते, पण भलतेच उत्तर देते, अशी तक्रार असल्यास ॲपमधील भाषा तपासावी. तेथे अमेरिकी इंग्रजी असेल तर भारतीय इंग्रजी निवडावी. ॲलेक्सा सप्टेंबर २०१९ पासून हिंदीही जाणते. औषधाचे स्मरण लावताना कल्पाचे लांबलचक संस्कृत नाव न सांगता ‘सकाळची पहिली पुडी’ या अर्थाचा सोपा शब्द निवडलेल्या भाषेत द्यावा.

उपशय : शंका असल्यास

लक्षणे गूढ असतील तर उपशय-अनुपशयाने निर्णय करावा. प्रथम मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करून घरच्या वाय-फायवर एखादे पान उघडते का, ते पाहावे. डेटा चालू ठेवून केलेली ही परीक्षा फसवी ठरते. पान उघडत नसेल तर दोष राउटरमध्ये किंवा इंटरनेट सेवेत आहे. स्पीकर निर्दोष आहे. पान उघडत असेल तर स्पीकर राउटरच्या खोलीत नेऊन पाहावा. तेथे चालला तर दोष अंतराचा. तेथेही न चालल्यास दुसऱ्या मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून ॲपमधून स्पीकर त्याला जोडावा. त्यावर चालला तर दोष राउटरच्या मांडणीत, न चालला तर स्पीकरमध्ये, खात्यात किंवा कंपनीच्या सेवेत.

शेवटची शक्यता विसरू नये. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतील संगणक-केंद्रांच्या सेवेत बिघाड झाला आणि अनेक सेवांसह ॲलेक्साही काही तास विस्कळीत झाली. त्या दिवशी घरातील यंत्राचा काहीच दोष नव्हता. मार्च २०२५ मधील उदाहरण अधिक बोधप्रद आहे. गुगलची दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ ही स्पीकरांच्याच कुळातील यंत्रे एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपल्याने जगभर एकाएकी निकामी झाली. तेव्हा खुद्द गुगलने ‘फॅक्टरी रिसेट करू नका’ असे कळविले. थांबलेल्यांची यंत्रे दुरुस्ती पोहोचताच चालू झाली. घाईने रिसेट केलेल्यांना मात्र यंत्राची नवी मांडणीच करता येईना. अनेक घरांत यंत्रे एकाच वेळी मूक झाली असतील तर हेतू घराबाहेर आहे, असे समजून काही तास थांबणे हेच पथ्य.

रिसेट : त्रिविध कर्म

वरील सर्व करूनही दोष टिकला, यंत्र दुसऱ्यास द्यावयाचे असेल, किंवा कोणाचे वापरलेले यंत्र आपल्याकडे आले असेल, तरच रिसेट योग्य.

*पूर्वकर्म.* लावलेले गजर व स्मरणे कागदावर उतरवून घ्यावीत. वाय-फायचे नाव व पासवर्ड आणि खात्याचा पासवर्ड हाताशी ठेवावा. यंत्राची पिढी तळावरून किंवा ॲपमधून ओळखावी.

*प्रधानकर्म.* इको डॉटच्या तिसऱ्या व चौथ्या पिढीवर ठिपक्याचे बटण सुमारे २५ सेकंद दाबून धरावे. दुसऱ्या पिढीवर मायक्रोफोनचे व आवाज कमी करण्याचे अशी दोन्ही बटणे एकत्र सुमारे २० सेकंद, दिवा नारिंगी होईपर्यंत दाबावीत. मूळ गुगल होमवर पाठीमागील मायक्रोफोनचे बटण १५ सेकंद, तर होम मिनीवर तळाशी वायरीजवळचे छोटे वर्तुळ १५ सेकंद दाबावे. नेस्ट मिनीवर बाजूच्या कळीने मायक्रोफोन बंद करून वरच्या मध्यभागी बोट ठेवावे. ५ सेकंदांनी क्रिया सुरू होते, पुढे आणखी १० सेकंद, खुणेचा आवाज येईपर्यंत बोट उचलू नये.

*पश्चात्कर्म.* ॲपमधून यंत्राची नव्याने मांडणी करावी, भाषा निवडावी आणि नोंदविलेले प्रत्येक स्मरण पडताळून पुन्हा लावावे. एक औषधकाल प्रत्यक्ष वाजलेला ऐकल्यावाचून काम पुरे झाले असे मानू नये. यांतील बहुतेक यंत्रांत बॅटरी नसते, वीज गेली की ती गप्प होतात. म्हणून वृद्धांच्या औषधाची जबाबदारी केवळ त्यांच्यावर सोपवू नये. भिंतीवरील तक्ता असावाच.

चिकित्सालयातील दक्षता

अनेकांचे चिकित्सालय घरालाच लागून असते. रुग्ण आपल्याशी जे बोलतो ते विश्वासाने बोलतो, आणि हाकेचा आभास होऊनही यंत्र जागे होते. त्यामुळे रुग्णपरीक्षणाच्या खोलीत स्पीकर नसावा. असल्यास मायक्रोफोन बंद ठेवावा. औषधालयाच्या गल्ल्याजवळही हेच लागू.

यंत्र कोणास देताना रिसेटबरोबर ॲपमधूनही त्याची नोंद रद्द करावी. मात्र रिसेटने यंत्राचीच स्मृती पुसली जाते. कंपनीकडे खात्यात साठलेला आपल्या विचारणांचा इतिहास तसाच राहतो. तो ॲपच्या गोपनीयता विभागात जाऊन स्वतंत्रपणे काढावा लागतो. हा भेद न जाणल्याने ‘सर्व पुसले’ असा खोटा दिलासा मिळतो.

राउटरशेजारी एक छोटे कार्ड चिकटवून त्यावर यंत्राचे नाव व पिढी, वाय-फायचे नाव, खाते कोणाच्या नावे आहे ते आणि इंटरनेट सेवादात्याचा क्रमांक लिहून ठेवावा. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नये. बिघाडाच्या वेळी घरातील कोणासही प्रथम दिवा, मग वीज, मग राउटर आणि सर्वांत शेवटी रिसेट हा क्रम त्या कार्डावरून पाळता येईल. हेतू दूर केला की बहुतेक वेळा शोधनाची पाळीच येत नाही.