क्लच बिघडला? आधी टंच बघा

आमच्या हुपरीत चांदीचा धंदा घरोघरी. पैंजण, वाळे, साखळ्या इथे घडतात. इथला माणूस नुसती चमक बघून चांदी घेत नाही. आधी टंच काढतो, मग भाव बोलतो. पण हाच माणूस गाडी घेऊन मिस्त्रीकडे जातो. मिस्त्री म्हणतो, "क्लचप्लेट गेली." की हा मान डोलावतो. तिथे टंच काढत नाही.

असे का होते? क्लचप्लेट बाहेरून दिसत नाही. ती बघायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. हे काम मोठे, म्हणून मजुरीही मोठी. दोष प्लेटचा निघो वा न निघो, मजुरी द्यावीच लागते. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने पेरणीसाठी ठेवलेले पैसे असे घातले. प्लेट चांगली निघाली. दोष बाहेरच्या तारेत होता.

सगळे मिस्त्री लबाड असतात असे आम्ही म्हणत नाही. चांगला मिस्त्री आधी बाहेरूनच तपास करतो. पण गाडी आपली, पैसा आपला. म्हणून थोडे आपल्यालाही कळावे.

क्लच म्हणजे काय?

जुनी पिठाची गिरणी आठवा. पट्टा रिकाम्या चाकावर असला की इंजिन फिरे, पण जाते उभे राही. पट्टा दुसऱ्या चाकावर सरकवला की जाते फिरू लागे. पट्टा ढिला झाला तर तो घसरे आणि दळण अडे. मोटारीत पट्ट्याचे हे काम क्लच करतो.

इंजिनाच्या टोकाला एक जड चाक असते. त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याला लागून क्लचप्लेट असते. तिच्या दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर असते. मागून प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोराने तिला चाकावर दाबून धरते. मग इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे आणि तिथून चाकांकडे जाते. आपण पायाने पेडल दाबले की एक बेअरिंग स्प्रिंगवर रेटते. पकड सुटते. तेवढ्यात आपण गिअर बदलतो.

म्हणजे क्लचची कामे दोनच. घट्ट धरणे आणि पूर्ण सोडणे. धरत नसेल तर क्लच घसरतो. सोडत नसेल तर गिअर पडत नाही. आपल्या गाडीचे दुखणे या दोहोंपैकी कोणते, हे आधी ठरवावे.

क्लच घसरतो का?

जोतिबाच्या डोंगरावर किंवा करूळ घाटात गाडी चढताना लक्ष द्या. इंजिन ओरडते, पण वेग वाढत नाही. जळका वास येतो. असे असेल तर क्लच घसरतो आहे. पण इंजिनाचाच आवाज चढत नसेल, तर दोष क्लचचा नव्हे. मग डिझेल किंवा पेट्रोल नीट येते का, हवेचा फिल्टर चोंदला आहे का, ब्रेक अडकून राहिला आहे का, ते बघावे. टायरमधली हवाही बघावी.

आणखी एक परीक्षा आहे. गाडी सपाट, मोकळ्या जागी उभी करा. पुढे-मागे माणूस, पोर, जनावर नको. चाकांना दगड लावा. हँडब्रेक घट्ट ओढा. इंजिन चालू करून उजव्या पायाने ब्रेक दाबून धरा. डाव्या पायाने क्लच दाबून तिसरा गिअर टाका. आता क्लच सावकाश सोडा. इंजिन लगेच बंद पडले तर पकड बहुधा ठीक आहे. पेडल पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिले तर क्लच घसरतो. ही परीक्षा एकदाच करा. पुन्हा पुन्हा केली तर प्लेट तापते आणि जळते.

गिअर पडत नाही का?

इंजिन बंद करून गिअर टाकून बघा. मग इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबून बघा. बंद असताना गिअर सहज पडतो, पण चालू असताना खरखर होते, रिव्हर्स तर पडतच नाही. मग क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. इंजिन बंद असतानाही गिअर अडत असेल तर दोष बहुधा गिअरच्या दांड्यात किंवा गिअरबॉक्समध्ये असतो.

बाहेरून काय बघावे?

१. पेडलखाली बघा. पायपुसणे किंवा पाण्याची बाटली तिथे अडकली तर पेडल पूर्ण दबत नाही. ही तपासणी फुकटची आहे.

२. पेडल हाताने दाबा. सुरुवातीला ते थोडे ढिले जाते. तारेच्या अनेक गाड्यांत हा ढिलेपणा अर्धा ते एक इंच असतो. नेमके माप गाडीच्या पुस्तकात असते. ढिलेपणा मुळीच नसेल तर क्लच घसरतो. फार असेल तर गिअर पडत नाही. तार कमीजास्त करून हे दुखणे पुष्कळदा जाते.

३. तार बघा. १९८३ ते २०१४ या काळात निघालेल्या मारुती ८०० ला क्लचची तार असे. अशा जुन्या गाड्या वापरात असतील तर तारेची दोन्ही टोके बघा. तारेचे धागे तुटलेत का? गंज चढलाय का? तार बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

४. काही गाड्यांत तार नसते, तेलाचा दाब असतो. तिथे तेलाची डबी बघा. कित्येक गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची डबी एकच असते. तेल खाली गेले असेल तर ते कुठेतरी गळत असते. पेडलच्या वरच्या बाजूला आणि गिअरबॉक्सजवळ ओल आहे का बघा. पेडल दोन-तीनदा दाबल्यावर गिअर पडत असेल तर आत हवा शिरली असेल किंवा गळती असेल. डबीच्या झाकणावर लिहिलेलेच ब्रेक ऑईल घाला. इंजिन ऑईल कधी घालू नका, आतली रबरे फुगून खराब होतात. डबी एकच असेल आणि तेल उतरले असेल, तर गाडी चालवू नका. ब्रेकचाही भरवसा नसतो.

५. आवाज ऐका. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. पेडल दाबल्यावर घरघर झाली तर क्लचच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. पेडल सोडल्यावर घरघर आणि दाबल्यावर बंद, असे झाले तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर.

ही तपासणी बंद खोलीत करू नये. इंजिनाचा धूर जीव घेतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

मिस्त्रीला काय सांगावे?

"गाडी चढंना झालीया, बघा की," एवढेच सांगू नका. तुम्हाला आता लिहिता येते. कागदावर लिहून न्या: "तार चांगली आहे. ढिलेपणा अर्धा इंच आहे. तरी चढावर इंजिन ओरडते, वेग वाढत नाही. जळका वास येतो." अशी चिठ्ठी असली तर प्लेट झिजल्याचा संशय बळकट होतो. मग गिअरबॉक्स उतरवणे योग्य.

गिअरबॉक्स उतरला की स्वतः हजर राहा. अस्तर रिबिटांपर्यंत झिजलेय का बघा. प्लेट तेलाने भिजली असेल तर तेल गळते कुठून ते आधी शोधायला लावा. नाहीतर नवी प्लेटही तशीच वाया जाईल. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच तपासून घ्या. एकासाठी पुन्हा उतरवायचे तर मजुरी दुप्पट. जुने भाग मागून घ्या. बिल वाचून मगच पैसे द्या.

क्लच टिकवायचा कसा?

गाडी चालताना पेडलवर पाय ठेवून बसू नये. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर धरू नये, हँडब्रेक लावावा. दुसऱ्या गिअरात गाडी उचलू नये. झेपेल तेवढेच ओझे भरावे. एवढे पाळले तर क्लच पुष्कळ दिवस साथ देतो.

वाचा आणि सांगा

१. क्लचची दोन कामे कोणती?
२. इंजिन बंद असतानाही गिअर पडत नसेल तर दोष कुठे असू शकतो?
३. तेलाने भिजलेली प्लेट बदलण्याआधी काय शोधावे?