झटपट सावलीचा मेपल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ओहायोत किंवा न्यू जर्सीत घर घेतलं, अंगण मोकळं आहे, की ‘ऑटम ब्लेझ’ लावा असा सल्ला हमखास मिळतो. झपाट्याने वाढतो, मोडत नाही, काही बघावं लागत नाही, असं त्याचं कौतुक. यातलं वाढीचं तेवढं खरं. वर्षाला ३ फूट सहज वाढून तो पुढे ५० फुटांपर्यंत जातो.

हा रेड मेपल आणि सिल्व्हर मेपल यांचा संकर. अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातले ऑलिव्हर फ्रीमन यांनी १९३३च्या सुमारास असे संकर घडवले, म्हणून या गटाला फ्रीमन मेपल म्हणतात.

रेड मेपलचं रक्त आहे म्हणून वादळात टिकतो, हा समज सर्वांत महागात पडतो. सिल्व्हर मेपलचं लाकूड ठिसूळ, रेडचं त्याहून चिवट, हे बरोबर. पण झाड फाटतं ते बहुधा बेचक्यात. दोन फांद्या अरुंद कोनात सरळ वर गेल्या की मधली साल आतच दाबली जाते आणि लाकूड लाकडाला जुळत नाही. बेचकं जवळून पाहा: सालीचा उंचवटा वर आलेला असेल तर जोड पक्का, साल आत वळून चीर पडलेली असेल तर कच्चा. फांद्यांवर बर्फ साचला की अशा ठिकाणी अर्धं झाड उभं चिरतं. म्हणून पहिल्या काही वर्षांतच एक मुख्य शेंडा ठेवावा, त्याच्याशी स्पर्धा करणारे आखूड करावेत. बोटाएवढ्या फांदीची जखम लवकर भरते. मांडीएवढीची भरेलच असं नाही, आणि ती उतरवायला जाणकार माणूस बोलवावा लागतो.

हिवाळ्याच्या शेवटी छाटलं तर रस वाहून झाड मरतं, असंही ऐकू येतं. रस वाहतो, झाडाला अपाय होत नाही.

कोणतीही जमीन चालते, हेही अर्धसत्य. चुनखडीच्या, अल्कधर्मी मातीत मँगनीज असूनही मुळांना मिळत नाही; पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. नेहमीचं नत्रयुक्त खत घालून पानं हिरवी होत नाहीत. लावण्याआधी मातीचा सामू तपासणं हाच स्वस्त उपाय.

लावताना खोड जिथे रुंदावून मुळं फुटतात तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. आच्छादनाचा ढीग खोडाला टेकवू नये. साल कुजते आणि मुळं खोडाभोवतीच गुंडाळत जातात.